दोन कारखान्यांमधला रस्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उद्योगांनी आपसांत पाणी, वाफ, राख, उरलासुरला माल वाटून घ्यावा यासाठी गावची नगरपालिका काय करू शकते, असा आजचा विषय आहे. केंद्रावरून निरोप आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि सायझिंगच्या कारखान्यात हिशेब लिहीत राहिलो. मला यातलं काय कळतं?" पलीकडून उत्तर आलं, "सायझिंगमध्ये होता ना? मग तेच सांगा."

तेव्हा मी आज एका नळाची गोष्ट सांगणार आहे. तो नळ कधी टाकलाच गेला नाही. आणि समुद्रापलीकडच्या एका लहान गावाची, जिथं असे नळ टाकले गेले, त्याचीही.

माझं गाव यंत्रमागाचं. दक्षिण महाराष्ट्रातलं. आमची गल्ली एका प्रोसेस हाऊसच्या मागच्या भिंतीला टेकलेली होती. मागावरून उतरलेलं कोरं कापड धुऊन, रंगवून, वाळवून देणारा कारखाना म्हणजे प्रोसेस हाऊस. त्या भिंतीच्या बुडाशी एक मोरी होती. पहाटे चारपासून तिच्यातून गरम पाणी वाहायचं. डिसेंबर-जानेवारीत गटारावर वाफेचा पांढरा पट्टा दिसायचा. सरपण महाग, रॉकेल रेशनवर. मग गल्लीतल्या बाया अंधारात बादल्या घेऊन तिथं जमायच्या. अम्मा बहुतेक पहिली असायची, कारण अब्बांची पहिली पाळी सातची. तिच्या मागं शेजारच्या पार्वतीकाकू. पाणी ओंजळीत घ्यायचं, कंदिलाच्या उजेडात रंग बघायचा. लाल-निळं असेल तर सोडून द्यायचं. बिनरंगाचं असेल तर ते चांगलं पाणी, अशी सगळ्यांची समजूत.

एका पहाटे पाणी बिनरंगाचंच होतं. पण कुठल्या तरी टाकीतलं कॉस्टिक त्यात सुटलं होतं. कॉस्टिक सोडा फार कडक नसेल तर लागल्या लागल्या भाजत नाही. आधी साबणासारखा बुळबुळीत लागतो. अम्माला वाटलं, आज साबणाचं पाणी आलंय, बरंच झालं. तिनं बादली भरताना पाय त्यातच ठेवले. घरी येईपर्यंत आग व्हायला लागली आणि दुपारपर्यंत पावलांची सालं निघाली. तीन आठवडे ती खाटेवर होती. ते डाग तिच्या पावलांवर शेवटपर्यंत राहिले. कारखान्यात जाऊन कुणी जाब विचारला नाही. विचारणार कसा? ते पाणी आम्हांला कुणी दिलेलं नव्हतं. सांडलेलं होतं, आम्ही वेचत होतो.

देणं-घेणं आमच्या लोकांना नवं नाही. घरोघरी काडेपेटी नव्हती तेव्हा बाया शेजारणीकडं गोवरी घेऊन विस्तव मागायला जात. घाण्याची पेंड जनावरांना, सुताराच्या ढलप्या चुलीला, पडलेल्या जनावराचं कातडं जोड्याला. गावगाड्यात काही वाया जात नव्हतं, असं आपण कौतुकानं म्हणतो. आमचं घराणं मुलाण्याचं, म्हणजे आम्हीही बलुतेदारच. म्हणून त्या कौतुकात मी जरा बेतानंच सामील होतो. कोणी कोणाचं उरलेलं घ्यायचं हे जातीनं ठरलेलं होतं आणि घेणाऱ्याला नाही म्हणायची मुभा नव्हती. आज उद्योगांच्या बाबतीत ज्याला सहजीवन म्हणतात, त्यात दोन्ही बाजूंना नाही म्हणता येतं. तिथं मोजमाप असतं, भाव असतो, लेखी करार असतो.

सहजीवन हा शब्द वनस्पतिशास्त्रातून आला. तुमच्या काळ्या मसाल्यात दगडफूल असतं ना, ते म्हणजे एक बुरशी आणि एक शेवाळ यांचा संसार. शेवाळ उन्हातून अन्न करतं, बुरशी त्याला आसरा देते, ओल धरून ठेवते. आणि आंब्याच्या फांदीवर जे वाढतं ते बांडगूळ. दोन्ही एकमेकांना चिकटूनच असतात, लांबून फरक कळत नाही.

आता माझ्या सायझिंगकडं येतो. मागावर उभे धागे चढवण्याआधी त्यांना कांजी पाजावी लागते, नाहीतर ते तटातट तुटतात. कांजी शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागते. वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरसाठी लाकूड. मी तिथं हिशेब लिहीत होतो. पगारानंतरचा सगळ्यांत मोठा खर्च लाकडाचा. आणि आमच्या कारखान्यासमोर, रस्त्यापलीकडं, दुसरं एक प्रोसेस हाऊस होतं. तिथं रंगाची मशिनं थंड करण्यासाठी बाहेरून पाणी फिरवत. हे पाणी रंगाला शिवत नाही. ते फक्त तापतं आणि गटारात जातं. शिवाय रंगकामाला जड पाणी चालत नाही म्हणून त्यांनी ते आधीच सॉफ्ट केलेलं. बॉयलरलाही जड पाणी चालत नाही, नळ्यांत क्षार धरतात. म्हणजे त्यांच्या गटारात जे जात होतं, नेमकं तेच आम्ही विकत घेऊन, सॉफ्ट करून, लाकूड जाळून तापवत होतो.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल? आमच्या बॉयलरवरच्या मामांच्या. शिकलेले चौथी. बॉयलरच्या पाण्याचं तापमान सहा अंशांनी वाढलं की जवळजवळ एक टक्का इंधन वाचतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. पंचवीस अंशांच्या ऐवजी पंचावन्न अंशांचं पाणी मिळालं तर शंभर ट्रक लाकडामागं पाच ट्रक वाचले. मामांनी ते खडूनं बॉयलरच्या दारावर मांडून दाखवलं. आमचे शेठ आणि समोरचे शेठ एकमेकांच्या लग्नकार्यात जेवणारे. दोघं बसले, चहा झाला, भाव ठरला. नळ कुणी घ्यायचा, पंप कुणी बसवायचा, सगळं एका संध्याकाळी ठरलं.

मधे राहिला रस्ता. रुंदी तीस फूट.

रस्ता ना आमचा ना त्यांचा. तो गावाचा. खोदाईच्या परवानगीचा अर्ज मीच लिहिला. त्या कचेरीचं नाव मी घेणार नाही. छापील अर्जात खोदाईची तीन कारणं दिलेली होती. नळजोडणी, ड्रेनेज आणि केबल. आमचं कारण चौथं. मी 'इतर' असा शब्द हातानं लिहिला आणि तिथंच घोडं अडलं. हे पाणी पिण्याचं की सांडपाणी? पिण्याचं असेल तर पाणीपुरवठा विभाग, सांडपाणी असेल तर आरोग्य विभाग. गरम पाणी कुठल्याच विभागात बसत नव्हतं. फाइल दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. तिथल्या कुणी पैसे मागितले नाहीत, हेही सांगायला हवं. एका इंजिनिअर साहेबांनी तर मला समोर बसवून चहा पाजला आणि एक प्रश्न विचारला. "समजा उद्या नळ फुटला, पाणी रस्त्यावर आलं, कुणाचे पाय भाजले, तर जबाबदार कोण?"

मला अम्माची पावलं दिसली. प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि त्यांच्याकडंही नव्हतं. फरक एवढाच की उत्तर शोधायचं कामही कुणाचंच नव्हतं. फाइल बंद झाली.

पुढं बऱ्याच वर्षांनी आमच्या घरात साखर आली, म्हणजे मधुमेह. बायकोचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आलं. पुण्यात इंजिनिअर असलेला माझा भाचा एकदा घरी आला होता, तो म्हणाला, "मामू, जगातल्या इन्सुलिनपैकी निम्म्याच्या आसपास ज्या एका छोट्या गावात तयार होतं म्हणतात, त्या गावात तुमच्या त्या नळाची गोष्ट खरी झालीय." मग त्यानं मला कालुंडबोर्गबद्दल वाचायला दिलं.

कालुंडबोर्ग हे डेन्मार्कमधलं बंदराचं गाव. कोपनहेगनच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, खाडीच्या काठी. वस्ती सोळा-सतरा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या खेड्याएवढी. पाच मनोऱ्यांचं एक मध्ययुगीन चर्च आहे. नोबेल मिळवणारी नॉर्वेजियन कादंबरीकार सिग्रिड उंडसेट १८८२ साली तिथं जन्मली. हे मला उगाचच बरं वाटलं. कारखान्यांच्या गावातही लिहिणारी माणसं जन्मतात, तेवढाच आधार.

तिथं १९५९ साली आस्नेस नावाचं कोळशावरचं वीज केंद्र उभं राहिलं आणि १९६१ साली तेलशुद्धीकरणाचा कारखाना. तेल शुद्ध करायला पाणी फार लागतं आणि गावात भूजल बेताचं. उपाय एकच, गावापासून दूर असलेल्या तिसो नावाच्या तळ्यातून पाणी आणणं. कारखाना म्हणाला, पैसे आम्ही घालतो. आणि नगरपालिका म्हणाली, नळ टाकायची जबाबदारी आमची. श्रोतेहो, इथं जरा थांबा. या गावात पुढं जे काही झालं त्याचं मूळ मला या एका वाटणीत दिसतं. पैसा ज्याला गरज आहे त्याचा, आणि जमीन ओलांडण्याचं, खोदण्याचं, उत्तर देण्याचं काम गावाचं. आमच्या इंजिनिअर साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या नगरपालिकेनं पहिल्याच नळाच्या वेळी देऊन टाकलं होतं.

मग एकेक नळ वाढत गेला. १९७२ साली प्लास्टरबोर्ड करणारा कारखाना तिथं आला. प्लास्टरबोर्ड म्हणजे आपल्याकडं फॉल्स सीलिंगला वापरतात त्या जिप्समच्या पाट्या. त्या वाळवायला उष्णता लागते आणि शेजारी तेल कारखान्याच्या उंच नळकांड्यावर जादा वायू नुसताच जळत होता. तो वायू पाटीवाल्यांनी घेतला. १९७३ मध्ये वीज केंद्र वाढलं तेव्हा तेही तळ्याच्या नळावर आलं. एंझाइम आणि औषधं करणाऱ्या नोव्हो कंपनीचा गाळ १९७६ पासून आसपासच्या शेतकऱ्यांच्या शेतात खत म्हणून जाऊ लागला. १९७९ पासून वीज केंद्राची राख सिमेंटवाल्यांकडं.

१९८१ साली नगरपालिका स्वतः गिऱ्हाईक झाली. कोळशाचं वीज केंद्र कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता समुद्रात आणि हवेत सोडून देतं. आणि डेन्मार्कची थंडी अशी की घर तापवल्याशिवाय माणूस जगत नाही. १९७० च्या दशकात तेलाचे भाव दोनदा भडकले आणि घरोघरच्या तेलाच्या भट्ट्या परवडेनात. तिथल्या सरकारनं १९७९ साली कायदा करून गावच्या उष्णतेचं नियोजन नगरपालिकांकडं सोपवलं. कालुंडबोर्गच्या नगरपालिकेनं गावभर नळ घातले आणि वीज केंद्राची वाया जाणारी उष्णता घराघरांत नेली. सुमारे साडेतीन हजार घरांतल्या तेलाच्या भट्ट्या बंद झाल्या. अशा व्यवस्थेत कारखान्याचं पाणी घराच्या नळात येत नाही. मधे पत्र्याची भिंत असते, तिच्यातून फक्त ऊब पलीकडं जाते. आमच्या मोरीवर तेवढी एक भिंत हवी होती.

१९८२ मध्ये वीज केंद्राची वाफ तेल कारखान्याला आणि नोव्होला मिळू लागली. आणि १९८७ साली काय झालं? तेल कारखान्यात मशिनं थंड करून तापलेलं पाणी नळातून वीज केंद्राच्या बॉयलरला जाऊ लागलं. हे वाक्य वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आमच्या बॉयलरवाल्या मामांचा खडूचा हिशेब, अगदी तोच. मामा तेव्हा हयात नव्हते.

१९९३ साली वीज केंद्रानं धुरातला गंधक काढण्याची यंत्रणा बसवली. गंधक आणि चुनखडी यांच्या संयोगातून जिप्सम तयार होतं. ते शेजारच्या पाटीवाल्यांकडं जायला लागलं, जे तोवर स्पेनमधून खनिज जिप्सम मागवत होते. मधे काही वर्षं वीज केंद्राच्या कोमट समुद्रपाण्यात मासेही पाळून झाले.

गंमत अशी की या सगळ्याचा आराखडा कुणीच काढलेला नव्हता. प्रत्येक नळ हा दोन पक्षांमधला साधा व्यवहार. दोघांनाही परवडलं तर करायचा, नाहीतर सोडायचा. गाव लहान, कारखान्यांचे साहेब एकमेकांना ओळखत, संध्याकाळी भेटत. आपण काही विशेष करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. १९८९ साली तिथल्या शाळेच्या मुलांनी विज्ञानाच्या प्रकल्पासाठी गावातल्या सगळ्या नळांची प्रतिकृती केली आणि मोठ्यांना आपलंच गाव पहिल्यांदा एकत्र दिसलं. १९९६ साली माहिती द्यायला एक संस्था स्थापन झाली. आज नगरपालिका आणि तिची पाणी-उष्णता पुरवणारी कंपनी त्या कारखान्यांच्या मंडळात बरोबरीनं बसतात.

याची नक्कल करायला बरेच जण धावले. अमेरिकेत १९९० च्या दशकात सरकारी आधारानं अशा उद्योगनगरांचे पुष्कळ बेत आखले गेले. बहुतेक कागदावरच राहिले. कारण उघड आहे. आधी नकाशा आणि मग शेजारी शोधायचे, हे लग्नाच्या मांडवात उभं राहून नवरी शोधण्यासारखं. ब्रिटननं वेगळी वाट धरली. तिथं २००५ पासून देशभर एक कार्यक्रम चालला. त्यात एका खोलीत वीस-तीस कारखान्यांची माणसं बसवत आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी लिहायला सांगत. माझ्याकडं काय उरतं, आणि मला काय हवं. त्या चिठ्ठ्या जुळवायला एक जाणकार माणूस. बाकी खर्च चहापाण्याचा. असलं काम कुठलीही नगरपालिका आपल्या सभागृहात करू शकेल. फक्त त्या दिवशी सभा तहकूब नसावी.

आता तुम्ही म्हणाल, डेन्मार्कचं कौतुक पुरे, आपल्याकडचं बोला. आपल्याकडं अगदीच अंधार नाही. नागपूर महापालिकेनं आणि महानिर्मितीनं मिळून शहराच्या पूर्वेकडच्या भांडेवाडीला मैलापाणी शुद्ध करण्याचा, दिवसाला तेरा कोटी लिटरचा, प्रकल्प उभा केला आणि गेल्या दशकात ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडं जाऊ लागलं. वीज केंद्राचे मनोरे थंड करायला पेंच धरणाचं पाणी कशाला? तेच पाणी माणसांना उरतं. आणि महापालिकेला तिच्या मैलापाण्याचे पैसे मिळतात. सुरत महापालिकेनं २०१४ पासून बमरोलीच्या केंद्रात दिवसाला चार कोटी लिटर मैलापाणी आणखी शुद्ध करून पांडेसराच्या कापड कारखान्यांना विकायला सुरुवात केली. रंगकामाचे कारखाने, माझ्या गावासारखेच. हे वाचून मला हेवा वाटला, लपवत नाही. २०१६ साली केंद्र सरकारनं वीजदराच्या धोरणातच लिहून टाकलं की मैलाशुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांनी तेच पाणी वापरावं. राखेबद्दल तर १९९९ पासूनच नियम आहे, की वीज केंद्राच्या आसपासच्या वीटभट्ट्यांनी राख वापरावी. अंतराची मर्यादा पन्नास किलोमीटरपासून वाढत वाढत २०१६ मध्ये तीनशेवर गेली.

आणि साखर कारखाना? उसाचं चिपाड बॉयलरला, मळी दारूभट्टीला, गाळाचं खत शेताला. एकाच कुंपणाच्या आत हे सहजीवन कितीतरी वर्षं चालू आहे. एकाच कुंपणात म्हणून ते सोपं. मालक एक, संचालक मंडळ एक, रस्ता आतलाच. कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की आपल्या अडचणी सुरू होतात.

त्या अडचणी कशा सुटतील, हे सांगायला मी तज्ज्ञ नाही. पण ज्यानं दोन वर्षं फाइलमागं चपला झिजवल्या त्याला काही गोष्टी कळतात. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं, १९९२ मध्ये, संविधानाला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडं कोणती कामं सोपवता येतील याची अठरा कामांची यादी. त्यात चौथं काम आहे रस्ते आणि पूल. आणि त्याच्या लगेच खाली पाचवं, घरगुती, औद्योगिक आणि व्यापारी वापरासाठी पाणीपुरवठा. म्हणजे आमचा रस्ता आणि आमचं पाणी संविधानात एकाखाली एक बसलेले आहेत. आमच्या कचेरीत मात्र ती दोन टेबलं वेगवेगळ्या मजल्यांवर होती.

एमआयडीसीच्या हद्दीत रस्ता-पाणी एमआयडीसीचं. तिथं नगरपालिकेचा हात पोचत नाही. पण आपल्याकडचे निम्मे-अर्धे धंदे गावातच, घराला घर लागून चालतात. सायझिंग, रंगकाम, पिठाच्या आणि तेलाच्या गिरण्या, बर्फाचा कारखाना, लॉण्ड्री, बेकरी, दूध डेअरी. बर्फवाला गरम हवा बाहेर टाकतो आणि पलीकडचा लॉण्ड्रीवाला पाणी तापवतो. हे कोण कुठं आहे, कुणाला किती पाणी लागतं, कुणाची गटारजोडणी केवढी, हे सगळं नगरपालिकेच्या दप्तरात आधीपासून आहे. परवान्याच्या वहीत थोडं, पाणीपट्टीच्या वहीत थोडं, घरपट्टीच्या वहीत थोडं. या तीन वह्या एका टेबलावर उघडून बसणारा एक माणूस नेमला तरी अर्धं काम होईल. नवं खातं नको. नव्या खात्याला आधी नवी खुर्ची लागते.

त्या माणसाच्या हातात खोदाईचा अर्ज असावा आणि त्यात चौथं कारण छापलेलं असावं. कारखान्याकडून कारखान्याकडं. नळ कुणाच्या पैशानं, देखभाल कुणाची, तपासणी कोण करणार, विमा कुणाचा, हे एका पानाच्या नमुन्यात बसतं. रस्ता नव्यानं करतानाच पोटात दोन-तीन रिकामे पाइप टाकून ठेवले तर पुन्हा खोदायचीही गरज नाही. केबलवाल्यांसाठी आपण हे करतो.

पुन्हा, नगरपालिका स्वतःच केवढी मोठी गिऱ्हाईक! फरसबंदीच्या विटा, गटारांच्या झाकणांचं काँक्रीट, बागांचं खत. निविदेत राखेच्या विटांना जागा आहे की नाही, हे एका ओळीनं ठरतं. कोल्हापूरकडं ओतकाम करणाऱ्या भट्ट्यांतून काळी वाळू निघते. तिचा काही भाग पुन्हा कामाचा करता येतो, काही विटांत-रस्त्यांत जिरवता येतो. पण तिच्यात काय मिसळलंय ते तपासल्याशिवाय नाही.

या तपासणीवरच मी अडून बसतो. प्रदूषणाचे नियम जाचक आहेत, ते सैल केले की देवघेव वाढेल, असं काही उद्योजक म्हणतात. मला ते पटत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत असा कचरा दुसऱ्या उद्योगाला कच्चा माल म्हणून देता येतो. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. 'खत' म्हणून शेतात आलेला गाळ खरंच खत आहे का, हे शेतकऱ्यानं ओंजळीत घेऊन, रंग बघून ठरवायचं का? लहान कारखानदाराला मंडळाच्या कचेरीचे खेटे घालणं जमत नाही, हे खरं. तिथं नगरपालिकेनं त्याच्या बाजूनं अर्ज तयार करावा, दहा जणांचा माल एकत्र तपासून आणावा. नियम तोच ठेवून जिना सोपा करता येतो.

आणि एक कटू गोष्ट. असे नळ कायमचे नसतात. कालुंडबोर्गचं वीज केंद्र गेल्या काही वर्षांत कोळशावरून लाकडाच्या चिपांवर आलं. कोळसा गेला तशी कोळशाची राख गेली आणि धुरातलं जिप्समही गेलं. पाटीवाल्यांना दुसरीकडं पाहावं लागलं. कुणाच्या तरी घाणीवर धंदा उभा केला की ती घाण चालू राहावी असं वाटू लागतं. हा धोका मोठा आहे. कोळसा चालू ठेवा, आमच्या विटा बंद पडतील, असं उद्या आपल्याकडं कुणी म्हणालं तर नवल नाही. तिथल्या लोकांनी तसं म्हटलं नाही. घरांची ऊब आणि कारखान्यांची वाफ मात्र चालू राहिली, कारण नळ जागेवर होते. आत काय जाळायचं ते बदललं.

आमच्या समोरासमोरच्या त्या दोन कारखान्यांचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. लाकडाचा खर्च झेपेना तेव्हा आमच्या शेठनी सायझिंग विकलं. त्या जागी आता मंगल कार्यालय आहे. मी नोकरी सोडून दुसरीकडं गेलो. रस्त्यापलीकडचं प्रोसेस हाऊस अजून चालू आहे. तो तीस फुटांचा रस्ता त्यानंतर माझ्या मोजणीत चार वेळा खोदला गेला. एकदा ड्रेनेजसाठी, एकदा पाण्याच्या नव्या नळासाठी, दोनदा केबलसाठी. गेल्या जानेवारीत एका लग्नाला म्हणून त्या मंगल कार्यालयात गेलो होतो. पहाटेचा मुहूर्त. मागच्या अंगणात आचारी पाहुण्यांच्या अंघोळीसाठी लाकडं पेटवून बंबात पाणी तापवत होता. धूर डोळ्यांत गेला म्हणून मी फाटकाबाहेर आलो. समोरच्या गटारावर वाफेचा पांढरा पट्टा उभा होता.